सर्व्हर रूमची दुसरी चावी

आमच्या कॉलेजची सर्व्हर रूम जिन्याखाली होती. खिडकी नव्हती. एसी मात्र होता, तोही माणसांसाठी नाही, मशीनसाठी. नाशिकचा उन्हाळा असो की डिसेंबर, आत कायम एकच थंडी. मी त्या खोलीत अकरा वर्षं काढली.

मूळचा मी सटाण्याकडचा. नव्वदच्या दशकात डिप्लोमासाठी नाशिकला आलो आणि इथेच राहिलो. लिनक्स मला कुणी शिकवलं नाही. एका कॉम्प्युटरच्या मासिकासोबत सीडी आली होती, ती घालून बघितली. तीन दिवस स्क्रीनवर काळ्या पाटीशिवाय काही दिसलं नाही, चौथ्या दिवशी दिसलं. मग सवयच लागली. त्यात सगळं फायलींमध्ये लिहिलेलं असतं. मशीनचा पत्ता काय, बाहेरचा रस्ता कोणता, नावं कुणाला विचारायची, सगळं साध्या अक्षरांत. फाईल उघडायची, हाताने ओळ लिहायची, बंद करायची. लिहिलं ते तसंच राहतं. माणसांच्या बाबतीत मला हा अनुभव फारसा नव्हता, त्यामुळे ते मला आवडलं असावं.

कॉलेजात माझं पद लॅब इनचार्जचं. शिकवणारे लोक वरच्या स्टाफरूममध्ये बसायचे, त्यांच्यात मी नव्हतो. शिपाई आणि क्लार्क ऑफिसात असायचे, त्यांच्यातही नव्हतो. नाशिकरोडला एक खोली भाड्याने घेतली होती. लग्न झालेलं नव्हतं. दोन-तीन ठिकाणी बघणं झालं, पुढे काही झालं नाही, मग घरच्यांनीही विषय सोडला. रविवारी आईचा फोन यायचा. "बरा शे ना?" ती विचारायची. मी "हो" म्हणायचो. ती बहिणीच्या मुलांबद्दल सांगायची आणि फोन ठेवायची.

दिवसभरात मी ज्यांच्याशी बोलायचो असं एकच माणूस होतं, लॅब असिस्टंट मॅडम. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांचे मिस्टर एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रात होते, तिथल्याच कॉलनीत त्या राहायच्या. सकाळच्या पहिल्या बसने यायच्या आणि माझ्या अर्धा तास आधी पोचायच्या. रूमच्या दोन चाव्या होत्या, एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. त्या आल्या की सर्व्हर चालू करायच्या, मग लॅबमधली मशीनं, मग फडक्याने टेबलं पुसायच्या. फडकं रोज धुऊन आणायच्या आणि तरी ते करडंच असायचं. "काय करणार सर," त्या म्हणायच्या, "आमच्याकडे दोरीवर कपडे घातले की राख येऊन बसते. पांढरं असं काही राहतच नाही."

दुपारी आम्ही सर्व्हर रूममध्येच जेवायचो. माझा डबा मेसचा. पहिल्या महिन्यातच त्यांनी त्यातली भाजी बघितली आणि काही न बोलता आपल्या डब्यातली अर्धी माझ्या झाकणात काढली. नंतर ते रोजचंच झालं. मेथी, वालाच्या शेंगा, कधी शेवभाजी. बोलणं फार नसायचं. त्या मुलाच्या अभ्यासाबद्दल सांगायच्या, मी ऐकायचो. मला बोलायला सुचत नसे, आणि मी बोलायला हवं असं त्यांनी कधी भासवलं नाही.

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत लोडशेडिंग फार होतं. ऑफिसच्या दारावर वेळापत्रक चिकटवलेलं असायचं आणि ते दर काही दिवसांनी बदलायचं. लाईट गेली की यूपीएस वीस मिनिटं शिट्टी मारत टिकायचा. तेवढ्यात सर्व्हर नीट बंद करायचा, लाईट आली की पुन्हा चालू करायचा. दिवसातून दोनदा तरी हे व्हायचंच.

एका मे महिन्यात, सुट्टीत, मी सर्व्हरवर लिनक्सची नवी आवृत्ती टाकली. जुन्या फायली होत्या तशा आणून ठेवल्या, ओळी हाताने तपासल्या. जूनमध्ये कॉलेज सुरू झालं आणि महिन्याभरात गडबड सुरू झाली.

सकाळी मी यावं तर लॅबमधली चाळीस मशीनं सर्व्हरला शोधत बसलेली. सर्व्हरचा पत्ता कायम एकच असावा लागतो, घराच्या नंबरासारखा. आमचा सर्व्हर रातोरात घर बदलून दुसऱ्या नंबरावर जाऊन बसलेला असायचा. मी फाईल उघडून बघायचो. एका फाईलमध्ये मी लिहिलेल्या ओळी गायब, त्या जागी वेगळ्याच. आणि सगळ्यात वर इंग्रजीत एक ओळ, की ही फाईल नेटवर्क मॅनेजरने तयार केली आहे.

नेटवर्क मॅनेजर म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, निदान मला तसं वाटत होतं. नव्या आवृत्तीत स्क्रीनच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, एक छोटं चित्र आलं होतं. त्यावर क्लिक केलं की चौकट उघडायची आणि फाईल न उघडता माऊसने पत्ता बदलता यायचा. ज्यांना फायलींची भीती वाटते त्यांच्यासाठी केलेली सोय. मी त्या चित्राला कधी हात लावला नव्हता. म्हणजे कुणीतरी लावत होतं.

मी आपल्या मनात हिशोब मांडला. मॅडम रजेवर असल्या किंवा लाईट परत आली की सर्व्हर मी चालू करायचो, तेव्हा सगळं ठीक. सकाळी त्या चालू करायच्या तेव्हा बिघाड. तोही रोज नाही, चार दिवसांतून दोनदा, कधी आठवडाभर नाहीच. हे लहरीपण बघून माझा संशय पक्का झाला. मशीनची चूक रोज सारखी असते, असं मी धरून चाललो होतो. कधी करायचं आणि कधी नाही हे माणूस ठरवतो.

एकदा विचारलं मी त्यांना, जेवताना.

"मॅडम, सकाळी सर्व्हरवर काही केलं का तुम्ही?"

"चालू केला फक्त."

"फक्त चालू?"

"हो सर. का?"

"काही नाही. सहज."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी डब्यात बघत राहिलो. त्या क्षणी पुढे आणखी दोन वाक्यं बोललो असतो तर सगळं तिथेच संपलं असतं. पण संशयाचं असं असतं की तो विचारायला लाजतो. मी त्यांच्यावर लक्ष ठेवायला लागलो. त्या सर्व्हरसमोर बसल्या की काहीतरी शोधायच्या मिषाने मागून चक्कर मारायचो. दोनदा मला ती माऊसची चौकट उघडी दिसली. मी आत आलो की त्या ती बंद करायच्या.

मग मी जेवायला कँटीनमध्ये जायला लागलो. काम आहे म्हणून सांगितलं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी भाजी झाकणात काढून टेबलावर ठेवली होती. मी परत आलो तेव्हा ती गार झाली होती आणि वर दुसरं झाकण पालथं घातलेलं होतं. मी ती खाल्ली नाही. संध्याकाळी त्यांनी झाकण धुऊन पिशवीत टाकलं. दुसऱ्या दिवसापासून काढली नाही.

कँटीनमध्ये मुलांच्या गोंगाटात मी एकटा बसायचो. मुलं मला बघून शेजारचं बाक सोडायची. सकाळी त्या "गुड मॉर्निंग सर" म्हणायच्या, मी मान हलवायचो. संपूर्ण दिवसात तेवढंच. कधी कधी सुट्टीच्या दिवशी खोलीवर माझ्या लक्षात यायचं की शुक्रवारी संध्याकाळपासून आपण तोंडातून एक शब्द काढलेला नाही. मग मी उगाच दुकानात जाऊन साबणाचा भाव विचारायचो.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातून एक्झामिनर आले होते. त्या सकाळी माझी बस द्वारकेच्या चौकात अडकली आणि मला वीस मिनिटं उशीर झाला. पोचलो तर लॅबबाहेर मुलं उभी, आत एक्झामिनर घड्याळ बघताहेत, आणि आमचे प्रिन्सिपॉल जिन्याखाली सर्व्हर रूमच्या दारात. आत मॅडम सर्व्हरसमोर बसलेल्या. स्क्रीनवर तीच चौकट उघडी. माऊस त्यांच्या हातात.

"काय चाललंय?" प्रिन्सिपॉलांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "सर, सर्व्हरची सेटिंग कुणीतरी बदलतंय. दोन महिने झाले."

"कुणीतरी म्हणजे?"

"रूमच्या चाव्या दोनच आहेत."

एवढंच बोललो. नाव घेतलं नाही. नाव न घेण्यात आपण सभ्यपणा केला असं मला त्या वेळी वाटलंही होतं. मॅडम खुर्चीवरून उठल्या. त्यांनी माऊस अगदी सावकाश सोडला, एखादी भरलेली वाटी ठेवावी तसा. म्हणाल्या, "मी दुरुस्त करत होते." प्रिन्सिपॉल म्हणाले, "मॅडम, तुम्ही बाहेर थांबा जरा." त्या बाहेर गेल्या. मी बसलो, काळी पाटी उघडली, ओळी लिहिल्या, दोन मिनिटांत लॅब सुरू झाली. एक्झामिनर म्हणाले, "वा." मुलं आत गेली.

सोमवारी त्यांची परीक्षा विभागात बदली झाल्याचा कागद निघाला. पगार तोच, पद तेच, फक्त जागा दुसऱ्या इमारतीत. त्या रूममध्ये आल्या, आपलं फडकं, स्टीलचा पेला आणि खुर्चीवरची लहान उशी पिशवीत घातली. चावी माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"येते सर," म्हणाल्या.

मी "हं" म्हणालो.

त्यानंतर तीन आठवडे सर्व्हर एकदाही बिघडला नाही. मी दोन्ही चाव्या एका कड्यात घातल्या. आपण बरोबर होतो याचं समाधान होतं. ते कुणाला सांगावं असं कुणी नव्हतं, एवढंच.

चौथ्या आठवड्यात एके सकाळी अकराच्या सुमारास लाईट आली. मी सर्व्हरचं बटण दाबलं आणि तेवढ्यात ऑफिसचा शिपाई निरोप घेऊन आला, प्रिन्सिपॉलांनी लगेच बोलावलंय. मशीन अजून उठतच होतं. मी दाराला कुलूप घातलं, दोन्ही चाव्या खिशात टाकल्या आणि वर गेलो. काम किरकोळ होतं, एका प्रिंटरचं. अर्ध्या तासाने खाली आलो. कुलूप उघडलं. लॅबमधून मुलं ओरडत होती की काही चालत नाही.

फाईल उघडली. माझ्या ओळी गेलेल्या. वर तीच इंग्रजी ओळ. फाईल बदलल्याची वेळ अकरा वाजून बारा मिनिटं. त्या वेळी मी प्रिन्सिपॉलांच्या केबिनमध्ये प्रिंटरचं झाकण उघडून उभा होतो आणि दोन्ही चाव्या माझ्या पँटच्या खिशात होत्या.

एसीचा आवाज चालू होता. मी खिशातल्या चाव्या काढून बघितल्या, दोन्ही होत्या. मुलांना सांगितलं, आज लॅब बंद.

मग मी जे सुरुवातीलाच करायला हवं होतं ते केलं. शांतपणे वाचलं. तोवर मी वापरलेली सगळी अवजारं माणसाने हात लावला तरच काम करायची. हे नवं तसं नव्हतं. कोपऱ्यातलं चित्र म्हणजे नुसतं त्याचं दार होतं. तो प्रोग्राम स्वतः आत राहत होता, मशीन उठलं की उठायचा आणि कुणी न सांगता कामाला लागायचा. इंटरनेटच्या खोक्याकडे जाऊन नवा पत्ता मागून आणायचा आणि मी लिहिलेलं पुसून आपलं लिहायचा. जुनी पद्धतही मी तशीच चालू ठेवली होती, तीही त्याच वेळी उठायची आणि माझ्या फायली वाचून जुना पत्ता बसवायची. एका मशीनला दोन कारभारी, दोघांनाही दुसऱ्याचा पत्ता नाही. ज्याचा हात शेवटी लागेल त्याचं खरं. म्हणून कधी बिघडायचं, कधी नाही.

आणि मी चालू केल्यावर कधीच का बिघडत नव्हतं, तेही कळलं. मशीन उठलं की नेटवर्क एकदा नव्याने चालू करायची एक ओळ टाइप करायची मला जुनी सवय होती. ती ओळ पडली की माझ्या फायली जिंकायच्या. बोटांची सवय, ती मी कुणाला शिकवली नव्हती. मॅडम नुसतं बटण दाबायच्या, त्यांनी सांगितलं तसं.

नवा प्रोग्राम बंद करायला मला एक मिनिट लागलं. त्यानंतर त्या मशीनवर तो त्रास कधी झाला नाही.

मी हे लगेच कुणाला सांगितलं नाही. आठ दिवस गेले. रोज ठरवायचो, रोज परीक्षा विभागाच्या जिन्यापर्यंत जायचो आणि काहीतरी काम आठवल्यासारखं करून परतायचो. कुणाला कळायची शक्यताच नव्हती. कॉलेजात ती फाईल वाचू शकेल असा मीच एक. गप्प बसणं फार सोपं होतं आणि त्या सोपेपणाचीच मला भीती वाटायला लागली.

आधी प्रिन्सिपॉलांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांना अर्धं समजलं असावं. ते म्हणाले, "म्हणजे त्यांची चूक नव्हती?"

"नव्हती सर. माझी होती."

"बरं. पण आता त्या तिथे रुळल्यात. परत कागद फिरवायचे का? राहू दे." मग चष्म्यावरून बघून म्हणाले, "तुम्ही त्यांना सांगितलं का?"

"जातोच आहे."

परीक्षा विभाग पहिल्या मजल्यावर होता. चार बायका गोल बसून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजत होत्या, मोठमोठ्याने बोलत होत्या. मी दारात दिसताच बोलणं थांबलं. मॅडम उठून बाहेर व्हरांड्यात आल्या.

मी पाठ करून गेलेलं विसरलो. दोन प्रोग्राम, जुना आणि नवा, कोण आधी उठतो, असं काहीबाही सांगत सुटलो. त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग मी म्हणालो, "मॅडम, मी तुमच्यावर आळ घेतला. सगळ्यांसमोर. माझं चुकलं."

त्या कठड्याला टेकल्या. खाली मैदानात मुलं क्रिकेट खेळत होती.

"मला एक सांगा सर," त्या म्हणाल्या. "मी सकाळी यायचे, लॅब बंद दिसायची. तुम्ही यायच्या आत मुलांची खोटी नको म्हणून त्या चौकटीत तुमचाच पत्ता टाकायचे. तुम्हीच एकदा लिहून दिलेला. कधी चालायचं, कधी तुम्ही येईपर्यंत नाही. दुसऱ्या दिवशी बघावं तर मी टाकलेलं उडालेलं. मला काय वाटत असेल?"

मला उत्तर माहीत होतं, पण म्हणालो, "काय?"

"की तुम्ही उडवता. मी तुमच्या मशीनला हात लावते ते तुम्हाला आवडत नाही म्हणून."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी मनात म्हटलं, एकटा माणूस आहे. घरी कुणी नाही. ते मशीन तेवढं त्यांचं आहे. त्यांना वाटत असेल कुणी हात लावू नये, तर नको. म्हणून तुम्ही आलात की मी बंद करायचे."

आम्हा दोघांना एकच गोष्ट दिसली होती. तिच्यावरून मी त्यांची तक्रार केली. त्यांनी मला समजून घेतलं होतं, तेही मला न कळवता.

"परत या मॅडम," मी म्हणालो. "मी लेखी देतो. प्रिन्सिपॉल तयार होतील."

त्या हसल्या, अगदी नेहमीसारख्या. "नको सर. राग नाही. पण इथे खिडक्या आहेत. बायका आहेत. दिवस कसा जातो कळत नाही. तुमच्या त्या खोलीत माझे गुडघे धरायचे हो." आणि मग, "तुम्ही जेवता का वेळेवर?"

"जेवतो."

"बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या. दार लोटलं गेलं आणि आतलं बोलणं पुन्हा सुरू झालं. त्यात माझ्याबद्दल काही नव्हतं. कुणाच्या तरी भाचीच्या साखरपुड्याबद्दल होतं.

मी लेखी दिलं तरीही. एक पान, सरळ भाषेत, की सर्व्हरच्या बिघाडाशी मॅडमचा काही संबंध नव्हता आणि कारण माझ्या कामात होतं. ऑफिसात शिक्का मारून घेतला. त्यांच्या फाईलला ते लागलं की नाही, मी पुन्हा पाहिलं नाही. त्यांच्या जागी दुसरं कुणी दिलं गेलं नाही. मी एकट्यानेच लॅब सांभाळली. दुपारचं जेवण पुन्हा सर्व्हर रूममध्ये सुरू केलं, मेसची भाजी, स्क्रीनकडे बघत. व्हरांड्यात भेटल्या की त्या थांबून दोन शब्द बोलायच्या. मुलाला पुण्यात नोकरी लागली, अमुक झालं, तमुक झालं. मी ऐकायचो. थांबणं नेहमी त्यांच्या बाजूने असायचं.

काही वर्षांनी त्यांचे मिस्टर निवृत्त झाले आणि त्यांनीही नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी त्या सगळ्या विभागांत भेटायला गेल्या, माझ्याकडे शेवटी आल्या. सिन्नरच्या पुढे गाव होतं, थोडी जमीन, चार शेवग्याची झाडं. "या कधी," म्हणाल्या. "बसस्टँडवरून रिक्षा मिळते." मी नक्की येतो म्हणालो आणि गावाचं नाव लिहून घेतलं.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत मी निघालोही. अर्धा किलो पेढे घेतले. सिन्नरला उतरलो, स्टँडवर चहा प्यायलो. रिक्षावाल्याने गावाचं नाव ऐकून "बसा" म्हटलं. तिथे गेल्यावर काय बोलायचं याचा मी विचार करायला लागलो, आणि पहिल्या पाच मिनिटांपलीकडे मला काही सुचेना. रिक्षावाला आणखी दोन सवाऱ्यांची वाट बघत होता. त्या मिळाल्या, त्याने मला हाक मारली. मी हाताने नाही म्हटलं आणि समोर नाशिकची बस लागली होती तीत चढलो. खिडकीजवळची जागा मिळाली. पेढ्यांचा पुडा मांडीवर होता.